आकड्यांतून रंग वाचायला शिकवणारं पुस्तक

फोटोशॉप शिकण्यासाठी पुस्तक घ्यायचं ठरलं की बहुतेकांचा हात सगळ्यांत नव्या आवृत्तीवरच्या पुस्तकाकडे जातो. मी मात्र विचारणाऱ्या प्रत्येकाला एक जुनं पुस्तक सुचवतो : डॅन मार्गुलिस यांचं ‘प्रोफेशनल फोटोशॉप’. त्याची पहिली आवृत्ती १९९४ ची. फोटोशॉपमध्ये लेअर्स आले तेही त्याच वर्षी. नंतर या सॉफ्टवेअरचं रूप कितीदा पालटलं. २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळू लागल्या, २०२३ मध्ये ते नुसत्या शब्दांवरून चित्रातली जागा भरून देऊ लागलं. कुठलं बटण कुठे आहे एवढंच सांगणारी पुस्तकं त्या प्रत्येक वळणावर रद्दीत गेली. मार्गुलिस टिकले, कारण त्यांचं पुस्तक बटणांबद्दल नाहीच. ते बघण्याबद्दल आहे.

मार्गुलिस छपाईच्या धंद्यातले. शाई कागदावर कशी उतरते हे रोज पाहिलेला माणूस पडद्यावरच्या रंगावर सहजासहजी विश्वास ठेवत नाही. आपल्या डोळ्यांवर तर त्याहून नाही. माणसाचा डोळा प्रकाशाशी जुळवून घेतो, कॅमेरा तितकं घेत नाही. म्हणून समोर पांढरं दिसलेलं फोटोत पिवळट येतं, आणि फोटो बराच वेळ पाहत बसलं की तो पिवळटपणाही दिसेनासा होतो. यावर त्यांचा उपाय म्हणजे रंगांचे आकडे दाखवणारं इन्फो पॅनेल उघडा आणि आकडे वाचा. चित्रात कुठल्या गोष्टीचा रंग आपल्याला खात्रीने ठाऊक आहे ते शोधा. करड्या किंवा पांढऱ्या वस्तूत लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. त्वचेसाठीही त्यांनी छपाईच्या शाईंचं गणित मांडलंय. पिवळा आणि मॅजेंटा बरोबरीचे किंवा पिवळा थोडा वरचढ, आणि सायन मॅजेंटाच्या साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका. वर्ण सावळा असेल तर सायनचा वाटा वाढतो. निळीकडे झुकलेला चेहरा या हिशेबातून सुटत नाही.

नियम अमेरिकी छापखान्यातले, पण आपल्याकडच्या हळदीच्या फोटोला लावून पाहा. मांडवाचं कापड पिवळं, त्यातून गाळून आलेला प्रकाश पिवळा, आणि नवरीच्या गालांवर हळद. ‘ऑटो कलर’ची एक कळ दाबली तर तो त्यातला हळदीचा पिवळाही प्रकाशाचा दोष समजून पुसू पाहतो, आणि गाल राखट होण्याची भीती असते. इथे गालाचे आकडे वाचून उपयोग नाही. मागे उभ्या आजोबांच्या पांढऱ्या गांधीटोपीवर कर्सर न्या. समजा लाल २३८, हिरवा २२९, निळा १९६ असं दिसलं, तर निळा चाळीसेक अंकांनी कमी पडतोय. तेवढा मांडवाचा पिवळा. टोपीवरचे तिन्ही आकडे जुळेपर्यंत निळ्या आणि हिरव्या चॅनेलचा कर्व्ह, म्हणजे उजळ-गडद छटा ठरवणारी रेषा, उचलायचा. आता गालावर उरलेला पिवळा हळदीचा स्वतःचा. प्रकाशाचा रंग आणि वस्तूचा रंग असे वेगळे झालेले पाहणं हा या पुस्तकाने दिलेला सगळ्यांत मोठा आनंद आहे.

दुसरी थोर गोष्ट कर्व्हची. मार्गुलिस पुन्हापुन्हा एकच बजावतात : रेषा जिथे चढी, तिथे तपशील उठतो, जिथे सपाट, तिथे बुजतो. चढ फुकट मिळत नाही, एकीकडे घेतला तर दुसरीकडे चुकवावा लागतो. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराचा फोटो घ्या. काळ्या बेसाल्टातलं सगळं कोरीवकाम गडद छटांच्या एका अरुंद पट्ट्यात दाटलेलं असतं. कर्व्हचा चढ त्या पट्ट्यात आणला की दगडातल्या आकृत्या एकमेकींपासून सुटतात. किंमत म्हणून वरचं आभाळ सपाट होतं, आणि होऊ द्यावं, कारण आपण तिथे आभाळ पाहायला गेलेलो नसतो. चित्रात महत्त्वाचं काय, हे आधी ठरवायला लावणारा असा तांत्रिक धडा मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

पुस्तकात दोष आहेत. मार्गुलिस भांडखोर आहेत, प्रतिपक्षाला झोडपण्यात पानंच्या पानं खर्च करतात. बराचसा विचार सीएमवायकेच्या, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या अंगाने चालतो, त्यामुळे ज्याचा फोटो कधी कागदावर उतरणारच नाही त्याला सुरुवातीची प्रकरणं जड जातील. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या फाइलबद्दल त्यांना फारसं प्रेम नाही. त्यासाठी जेफ श्यूई यांचं ‘द डिजिटल निगेटिव्ह’ जवळ असावं. जुने, फाटलेले घरगुती फोटो दुरुस्त करायचे असतील तर कॅट्रिन आइसमन यांचं पुस्तक. आणि छायाचित्रकार अॅन्सल अॅडम्स यांचं १९८३ चं ‘द प्रिंट’ डार्करूमबद्दल असूनही फोटोचा कुठला भाग उजळावा नि कुठला दाबावा याचं शहाणपण आजही देतं. मार्गुलिस यांचंच २००५ चं ‘फोटोशॉप लॅब कलर’ त्यानंतर घ्यावं. एकाच रंगाचे वाटणारे दरीतले खडक त्यात कसे वेगवेगळे उलगडतात ते पाहण्यासारखं आहे, पण ती पहिली पायरी नव्हे.

पुस्तकं सुचवतोय म्हणून व्हिडिओ पाहू नयेत असं नाही. एखादं साधन कुठे सापडतं हे व्हिडिओत लवकर कळतं. ते का वापरायचं, हे कळायला मात्र पानावर थांबावं लागतं, मागे जावं लागतं, दोन चित्रं शेजारी ठेवून पुन्हा पाहावी लागतात.

तेव्हा पुस्तक निवडताना मधलं एखादं पान उघडा. तिथे फक्त मेन्यूंची नावं असतील तर ठेवून द्या. चित्रात काय बिघडलंय याची चर्चा असेल तर घ्या. मार्गुलिस यांची जुनी प्रत मिळाली तर जरूर घ्या, आणि महागडं सॉफ्टवेअर नाही म्हणून अडून राहू नका. कर्व्ह आणि रंगांचे आकडे मोफत मिळणाऱ्या गिम्पमध्येही आहेत.