स्मारकांची नोंद आणि नोंदीची भाषा

मृतांच्या स्मारकांची नोंद स्वयंसेवकांनी करावी व ती महाजालावर सर्वांस खुली असावी, ही कल्पना आता चांगलीच रूढ झाली आहे. अमेरिकेत जिम टिप्टन यांनी १९९५ मध्ये आरंभिलेला ‘फाइंड अ ग्रेव्ह’ हा संग्रह तिचे ठळक उदाहरण होय. त्यापूर्वी, १९७६ मध्ये, दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींच्या जतनासाठी व नोंदीसाठी ब्रिटनमध्ये ‘बॅक्सा’ ही संस्था स्थापन झाली होती. ह्या कार्यामागील निष्ठा निर्विवाद आहे. तथापि असे काम आपल्याकडे हाती घेताना त्या नोंदींचा साचा जसाच्या तसा उचलावा काय, हा प्रश्न उरतो. महाड व पोलादपूर ह्या दोन तालुक्यांच्या आधारे त्याचा विचार येथे केला आहे.

हा साचा मुख्यतः थडग्यावर आधारलेला आहे. एक देह, एक जागा, दगडावर कोरलेले एक नाव आणि जन्ममृत्यूच्या दोन तारखा, अशी त्याची घडण असते. देहाविना उभारलेल्या स्मारकासही त्यात स्थान आहे; पण ते अपवाद म्हणून. जेथे दहन हाच बहुसंख्यांचा रिवाज आहे, तेथे अपवाद हाच नियम होऊन बसतो. मराठीतील शब्दसंपत्तीच ह्याची साक्ष देते. समाधी, थडगे, छत्री, वृंदावन, वीरगळ, सतीशिळा, देव्हाऱ्यातील पूर्वजांचे टाक हे परस्परांचे पर्याय नव्हेत. त्यांतील ‘वीरगळ’ हा शब्द कन्नडमधील ‘वीरगल्लु’ ह्या समासापासून आला. त्यातील उत्तरपदाचा अर्थ दगड असा आहे. अनेक वीरगळांवर अक्षर नसते. खाली युद्धाचा प्रसंग, मध्ये अप्सरांनी वीरास नेणे आणि वर शिवलिंगाची पूजा, अशा शिल्पपट्टांतून आशय व्यक्त होतो. ‘कोरीव मजकूर’ ह्या रकान्यात नोंदकर्ता अशा वेळी ‘नाही’ असे लिहील, आणि एक बोलका दगड नोंदीपुरता मुका होईल.

दुसरा मुद्दा प्रामाण्याचा. तानाजी मालुसरे १६७० मध्ये सिंहगडावर पडले. त्यांचे स्मारक त्या गडावर आहे आणि पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथेही त्यांची समाधी दाखवितात. ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपुरात दाखवितात. येथे ‘दाखवितात’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. ‘आहे’, ‘म्हणतात’ आणि ‘दाखवितात’ ह्या तीन क्रियापदांनी आपली भाषा पुराव्याच्या तीन पायऱ्या सहज वेगळ्या करते. रकान्यांच्या नोंदीत क्रियापदच गळते आणि लोकश्रुती व सिद्ध वस्तुस्थिती एकाच पंक्तीस येऊन बसतात. रायगडावर १९३६ मध्ये बसविलेल्या वाघ्या कुत्र्याच्या पुतळ्यावरून पुढे जो वाद माजला, त्याच्या मुळाशी हाच भेद आहे. स्मारक खरे असते, पण त्यामागील कथा खरी असेलच असे नाही. नोंदीने दोन्ही गोष्टी नमूद कराव्यात, पण एकत्र मिसळू नयेत.

तिसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल कोसळला आणि जयगड व राजापूरहून निघालेल्या दोन एस. टी. गाड्या पुरात वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्यू पावली. दोन्ही प्रसंगी कित्येकांचे देह हाती लागलेच नाहीत. त्या मृतांचे ‘स्थळ’ कोणते? नदी, डोंगर, की जेथून ते निघाले ते गाव? शिवाय माहेरचे व सासरचे अशी दोन नावे वागविणारी स्त्री आडनावांच्या अनुक्रमणिकेत कोठे सापडावी? आणि घरच्यांच्या स्मरणात जी तिथी असते, श्राद्ध जिच्यावर होते, तिला तारखेच्या रकान्यात जागा कोणती? हे प्रश्न केवळ तांत्रिक नाहीत. ज्यांचे अश्रू अद्याप सुकलेले नाहीत अशा घरांतील नावे त्यांना न विचारता जगापुढे मांडणे, हे जतन नव्हे.

ह्यावरून हे कार्य त्याज्य ठरते, असे मात्र मुळीच नाही. उघड्यावरील वीरगळ ऊनपावसाने झिजत आहेत. शिळेविषयी सांगणारी वृद्ध मंडळी कमी होत आहेत. त्वरा आवश्यकच आहे. म्हणून नोंदकर्त्या विद्यार्थ्याने तीन पथ्ये पाळावीत. कोरीव मजकूर शुद्धलेखन न सुधारता, तुटलेल्या अक्षरांसह उतरून घ्यावा. गावकरी स्मारकास ज्या नावाने ओळखतात ते नाव आणि त्याविषयीचे सांगणे, सांगणाऱ्याच्याच वाक्यात, क्रियापदासह टिपावे. अलीकडील मृतांची नोंद त्यांच्या आप्तांच्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नये. छायाचित्राने दगडाचे रूप टिकते, पण त्याच्याशी बोलणारी भाषा त्यात उमटत नाही. ती टिपून ठेवणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.