‘झाडाझडती’ आणि समन्वयाचे प्रशिक्षण
विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ (१९९१) या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरीत धरण उभे राहते, पुनर्वसन मात्र रखडते. लेखकाचा रोख प्रामुख्याने भ्रष्ट प्रवृत्तींवर आहे. तथापि, अभियंता व महसूल अधिकारी प्रामाणिक असले तरी त्यांचे प्रशिक्षण परस्परांपासून तुटलेले असेल, तर बांधकाम व पुनर्वसन यांचा मेळ कसा बसणार, या प्रश्नाच्या मुळाशी ही कादंबरी पुरेशी जात नाही. बुलडाणा जिल्ह्यात नांदुरा तालुक्यातील पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पाच्या संदर्भात हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. स्थापत्य अभियंत्याला अंदाजपत्रकाइतकेच महसूल यंत्रणा, कंत्राटदार व ग्रामस्थ यांच्यासमवेत काम करण्याचे शिक्षण मिळावयास हवे. भिंतीची उंची व गावाचे स्थलांतर यांचा निर्णय एकाच बैठकीत झाला, तरच विकास न्याय्य ठरेल.