बेणारेचा मनस्ताप

कै. विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकांत अविवाहित शिक्षिका लीला बेणारे हिच्यावर लुटुपुटीच्या न्यायालयांत भ्रूणहत्येचा आरोप ठेविला जातो. आणि शेवटीं शिक्षा काय, तर तिच्या उदरांतील गर्भ नष्ट करावा! गर्भ राखावयाचा कीं नाहीं, हें ठरविणार इतरच. न्यायासनावरील काशीकर स्वतः निपुत्रिक आहेत. घरांत दडपलेलें शल्यच येथें न्यायाचा बुरखा पांघरून बोलतें.

१९७१ च्या कायद्यानें, गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरून होणारा मनस्ताप ही मनास झालेली गंभीर इजा मानण्याची मुभा दिली, परंतु विवाहितेपुरतीच. हें बंधन २०२१ मध्यें सुटलें. बेणारेचें अखेरचें स्वगत रंगमंचावर कोणीहि ऐकत नाहीं. सारे पुतळ्यांसारखे थिजतात. तें ऐकण्याचें दायित्व प्रेक्षागारांतील कुटुंबांवर येऊन पडतें, हेंच या नाटकाचें खरें यश होय.