स्नूपीवरील वाचकांचा लोभ

कुत्रा म्हटला कीं आपणांस प्रथम त्याचें इमान आठवतें. महाप्रस्थानाच्या वेळीं धर्मराजामागून हिमालय चढणारा श्वान कोणास ठाऊक नाहीं? त्या कथेवर वाढलेल्या वाचकास चार्ल्स शुल्झ या अमेरिकन चित्रकाराचा स्नूपी प्रथमदर्शनीं कृतघ्नच वाटावा. ज्या चार्ली ब्राउनच्या घरचें तो खातो, त्याचें नांवहि याच्या ध्यानांत राहत नाहीं. तो वाटोळ्या डोक्याचा एक पोरगा, एवढीच याच्या लेखीं त्याची ओळख! असें असतां या कुत्र्यावर वाचकांनीं इतका जीव कां लावावा?

'पीनट्स' ही चित्रमाला २ ऑक्टोबर १९५० रोजीं सात वृत्तपत्रांत सुरू झाली आणि दोनच दिवसांनीं स्नूपी तींत आला. आरंभीं तें चार पायांवर चालणारें साधें पिल्लूं होतें. १९५२ मध्यें त्याच्या डोक्यावर विचारांचा ढग प्रथम दिसला, आणि माझ्या मतें त्याचें खरें आयुष्य तेथून सुरू झालें. स्नूपी बोलत नाहीं. तो मनांत म्हणतो, आणि तें ऐकतो केवळ वाचक. कोणीं आपलें गुपित आपणांपाशींच उघडें करावें, मग त्याचा लोभ न जडेल तरच नवल!

पुढें तो दोन पायांवर चालूं लागला व आपल्या घराच्या छपरावर निजूं लागला. तें छप्पर म्हणजे दोन उतारांची नुसती धार. तीवर पाठ टेकणें सृष्टिनियमांस धरून नाहीं. शुल्झ तें घर बहुधा बाजूनेंच काढतो, म्हणून आपणांस शंका येत नाहीं इतकेंच. १९६५ पासून हेंच छप्पर पहिल्या महायुद्धांतलें विमान झालें. शत्रु रेड बॅरन चित्रांत दिसत नाहीं. दिसतात तीं घराला पडलेलीं गोळ्यांचीं भोंकें.

या कुत्र्यानें मालकास झांकून टाकलें, चार्लीच्या खिन्न जगाची धार बोथट केली, असा कांहीं टीकाकारांचा आक्षेप आहे. तो अगदींच खोटा नाहीं. १९६९ च्या मे महिन्यांत 'अपोलो १०' चें जें छोटें यान चंद्रपृष्ठापासून सुमारें १५ किलोमीटरांपर्यंत खालीं गेलें, त्याचें नांव स्नूपी. वरच्या कक्षेंत वाट पाहणारें यान चार्ली ब्राउन! दुकानांतल्या स्नूपीच्या बाहुल्या तर सदैव हंसतच असतात. पण चित्रांतला स्नूपी त्या बाहुलीहून निराळा आहे. त्याचें विमान पडतें, त्याच्या कथा प्रकाशकांकडून परत येतात. मालक पतंगापुढें हरतो, हा बॅरनपुढें. फरक एवढाच कीं, हा दुसऱ्या दिवशीं त्याच दिमाखानें पुन्हां छपरावर चढतो.

आणि संध्याकाळीं त्याला उतरवतें कोण? अन्नाची थाळी. ती घेऊन येतो तो वाटोळ्या डोक्याचा पोरगाच, आपलें नांव त्याला आठवावें अशी अट न घालतां. महाभारतांतल्या त्या कथेंतहि कसोटी लागली ती श्वानाच्या इमानाची नव्हे, धर्मराजाच्या. या चित्रमालेंत इमान आहेच; तें मालकाकडे आहे. तें जाणूनच स्नूपीच्या बेफिकिरीचा आपणांस राग येत नाहीं.

शेवटचें चित्र १३ फेब्रुवारी २००० रोजीं छापून आलें. शुल्झ आदल्याच रात्रीं वारला होता. त्यांत वाचकांचा निरोप घेणारें त्याचें पत्र आहे, आणि छपरावर टंकयंत्र पुढें घेऊन स्नूपी बसला आहे.