खेळाचे ग्रंथ : अनुकरण की नवनिर्मिती?

वाङ्मयविषयक मासिकात खेळाच्या नियमपुस्तकांचा ऊहापोह कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या खेळासंबंधी येथे लिहावयाचे आहे, त्यात पट आणि सोंगट्या यांना फारसे महत्त्व नाही. काही पुस्तके, निरनिराळ्या पैलूंचे फासे आणि टेबलाभोवती जमलेली चारपाच माणसे एवढीच त्याची सामग्री. एकजण सूत्रधार होतो व प्रसंगाचे वर्णन करतो. मूळ इंग्रजीत त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेऊन ते पात्र काय बोलेल, काय करील हे सांगतात. आणि जेथे निकाल संशयित असेल तेथे फासा टाकतात. अनेक मुखांनी एक कथा सिद्ध होते, आणि ती कशी सिद्ध व्हावी हे नियमपुस्तक सांगते. अशा पुस्तकाची चिकित्सा वाङ्मयाच्या कक्षेबाहेरची आहे असे मला वाटत नाही.

या खेळाचा आद्य ग्रंथ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. तीन छोट्या पुस्तिका एका पेटीत घालून त्यांनी पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती काढल्या. आज अर्धशतक उलटून गेल्यावरही या क्षेत्रात त्याचीच सत्ता आहे. म्हणून इतर प्रकाशकांपुढे तेव्हापासून एकच प्रश्न उभा आहे : या प्रबळ खेळाची प्रतिकृती काढून त्याच्या वाचकवर्गातला वाटा मागावा, की सर्वस्वी नवे काही रचून स्वतःचा वाचक घडवावा?

अनुकरण म्हटले की आपण चटकन नाक मुरडतो. पण देवलांचे 'संशयकल्लोळ' मोलियेरच्या नाटकावरून आले आणि 'झुंजारराव' ऑथेल्लोवरून, हे ठाऊक असूनही आपण ती नाटके आपलीच मानतो. शिवाय मूळ खेळ तरी कोठे स्वयंभू आहे? त्यातील मांत्रिक एकदा मंत्र म्हटला की तो विसरतो, ही कल्पना जॅक व्हान्सच्या कथांतून उचललेली. आणि त्यातील 'हॉबिट' तर टोल्किनचे. हक्कदारांनी आक्षेप घेतला तेव्हा त्यांचे नाव बदलून 'हाफलिंग' करावे लागले. तेव्हा घेणे हा दोष नव्हे. घेतल्यावर काय केले, हे पाहावयाचे.

माझे आयुष्य सरकारी कचेरीत मसुदे लिहिण्यात जात आहे, त्यामुळे नकलेचे मानसशास्त्र मला थोडेफार कळते. नवा मसुदा तयार करावयाचा झाल्यास प्रथम जुनी फाईल काढावयाची, तारीख व नावे बदलावयाची आणि कागद वर पाठवावयाचा. वरिष्ठही खूष, कारण ओळखीची वाक्ये वाचताना शंका येत नाहीत. मात्र ज्या परिस्थितीसाठी तो जुना मसुदा झाला होता, ती परिस्थिती पालटली आहे हे कोणाच्याच लक्षात येत नाही. खेळाच्या प्रकाशनव्यवसायात नेमके असेच २००० नंतर घडले.

मूळ प्रकाशनसंस्था १९९७ मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने विकत घेतली आणि १९९९ मध्ये ती कंपनी 'हॅस्ब्रो'च्या हाती गेली. २००० साली खेळाची तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा कंपनीने एक मुक्त परवाना जाहीर केला : खेळाचा गाभा कोणीही वापरावा, त्यावर पुस्तके काढावीत. पुस्तकांचा अक्षरशः पूर आला. वीस पैलूंच्या फाशाचा तोच नियम, त्याच सहा गुणांचे तेच आकडे, फक्त मुखपृष्ठावरील राक्षस निराळा. २००३ मध्ये मूळ कंपनीने सुधारलेली आवृत्ती काढताच ही सारी पुस्तके एका दिवसात जुनी झाली, दुकानदारांच्या फळ्यांवर पडून राहिली आणि कित्येक छोटे प्रकाशक बुडाले. ते बुडाले ते नकलेमुळे, असे म्हणणे अपुरे आहे. दुसऱ्याच्या घड्याळावर त्यांनी आपले दिवस मोजले, हे त्याचे खरे कारण होय.

तथापि प्रतिकृतीचा दुसराही एक प्रकार आहे आणि त्याची मला मनापासून कदर वाटते. २००८ मध्ये चौथी आवृत्ती निघाली, तीत खेळाचा चेहरामोहराच बदलला आणि परवान्याच्या अटीही कडक झाल्या. तेव्हा 'पायझो' या प्रकाशकाने टाकून दिलेली तिसरी आवृत्ती उचलली, तिची डागडुजी केली आणि २००९ मध्ये 'पाथफाइंडर' या नावाने ती चालू ठेवली. त्याआधी काहींनी पहिल्या पिढीतील नियम 'ऑस्रिक' (२००६) सारख्या ग्रंथांत नव्या शब्दांत पुन्हा लिहून काढले होते. खेळाची युक्ती अमेरिकेच्या कायद्याने कोणाची मालमत्ता होत नाही, तिची शब्दरचना मात्र होते. म्हणून हे शक्य झाले. दुर्मिळ पोथीची नवी प्रत करणाऱ्या लेखनिकाला आपण चोर म्हणत नाही. मालकाने ज्या ग्रंथाकडे पाठ फिरवली, तो वाचकांसाठी राखून ठेवणे हे संपादनाचेच काम आहे.

आता नवनिर्मितीकडे वळू. येथे एक गोष्ट वारंवार आढळते : जे नवे टिकले, ते नवेपणाच्या हव्यासातून जन्मले नाही, एखाद्या नेमक्या अतृप्तीतून जन्मले. स्टीव्ह पेरिन हा मूळ खेळाचाच खेळाडू; त्यातील युद्ध त्याला खोटे वाटे. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'मध्ये योद्धा, मांत्रिक असे ठरीव वर्ग नाहीत. माणूस जे काम करतो त्यातच तो तरबेज होत जातो, आणि कितीही मोठा वीर झाला तरी एक वर्मी घाव त्याला आडवा करतो. त्याच मुशीतून १९८१ साली सँडी पीटरसनचा 'कॉल ऑफ क्थुलू' निघाला, आणि मला विचाराल तर या सबंध परंपरेतील सर्वांत धीट ग्रंथ तोच. मूळ खेळात पात्राला अनुभवाने बळ चढत जाते. येथे पात्राला जितके अधिक कळते, तितकी त्याच्या बुद्धीची स्थिरता ढळते. ती मोजण्यासाठी निराळा आकडाच आहे. ज्ञान हे बक्षीस नसून किंमत आहे, हे एका नियमाने सांगितले गेले. एखाद्या कादंबरीकाराला जे सांगावयास तीनशे पाने लागतील, ते येथे फाशाच्या एका फेकीत अंगावर येते.

२०१० मधील व्हिन्सेंट व मेगी बेकर यांचे 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड' आणखी पुढे गेले. दोन साधे सहा पैलूंचे फासे. बेरीज दहा किंवा अधिक आली तर काम फत्ते, सहा किंवा कमी आली तर सूत्रधाराची पाळी, आणि सातपासून नवापर्यंत आली तर काम होते पण काहीतरी गमवावे लागते. सूत्रधार स्वतः फासा टाकतच नाही. गंमत अशी की लवकरच या खेळाच्याही असंख्य प्रतिकृती निघाल्या. म्हणजे बंडखोराचेही मठ स्थापन झाले!

मग निवाडा नवनिर्मितीच्या बाजूने देऊन मोकळे व्हावे काय? येथे माझ्यासारख्या बदलीच्या माणसाला थोडे अडखळावे लागते. मागील गावी आम्ही चौघे होतो. एक बंगाली, एक तमिळ, एक पंजाबी आणि मी. तीन वर्षे आम्ही शनिवारी रात्री जमत होतो, आणि शेवटचे वर्षभर पीटरसनचा खेळ खेळलो. कचेरीत कोणाशी दोन शब्द न बोलणारा आमचा तमिळ सहकारी आपल्या पात्राची बुद्धी ढळू लागली तेव्हा जे बोलला, ते मी विसरू शकत नाही. मग दोघांच्या बदलीचे हुकूम एकाच आठवड्यात निघाले आणि ते टेबल मोडले. नव्या गावी कोणी खेळणारे भेटतील काय म्हणून चौकशी केली, तर भेटले ते सर्व मूळ खेळाचे. त्यांच्यात जाऊन बसलो, आणि पहिल्याच रात्री एकही नियम न विचारता खेळू लागलो.

प्रबळ खेळाचे खरे बळ हे आहे. त्याचे नियम उत्तम आहेत म्हणून तो टिकलेला नाही. परक्या गावी ती बोलीभाषा आहे म्हणून टिकला आहे. नवा खेळ काढणारा प्रकाशक केवळ पुस्तक विकत नाही. तो चार माणसांना एकदम नवी भाषा शिकावयास सांगतो, आणि त्यांपैकी एकाची बदली झाली की सारे श्रम वाया जातात. नवनिर्मितीचे स्तोत्र गाणारे टीकाकार हे विसरतात.

पण बोलीभाषेला मालक असला म्हणजे काय होते, तेही २०२३ च्या जानेवारीत दिसले. मुक्त परवाना मोडीत काढून मोठ्या प्रकाशकांकडून उत्पन्नाचा हिस्सा मागणारा मसुदा बाहेर फुटला. साडेसात लाख डॉलरांवरील उत्पन्नावर पंचवीस टक्के! खेळणाऱ्यांनी असा गहजब केला की महिना संपण्यापूर्वी कंपनीने माघार घेतली आणि नियमांचा गाभा सर्वांना कायमचा खुला केला. 'पायझो'ने मात्र धडा घेतला. आपल्या ग्रंथातून त्यांनी जुन्या परवान्याचे अवशेष वेचून काढले. पात्रांच्या नीतिअनीतीचे ते प्रसिद्ध नऊ कप्पेसुद्धा गेले. प्रतिकृती म्हणून जन्मलेल्या ग्रंथाला पंधरा वर्षांच्या आत स्वतःचा संसार थाटावा लागला.

म्हणून प्रकाशकाला माझे सांगणे एवढेच की, त्याने प्रथम आपली तक्रार शोधावी. मूळ खेळात काय खुपते हे त्याला एका वाक्यात सांगता येत नसेल, तर त्याचे नवे पुस्तकही नक्कलच ठरेल, मग त्यात फासे कितीही निराळे असोत. आणि तक्रार असेल, तर उरलेले नऊ दशांश नियम खुशाल जुने ठेवावेत. वाचकाला चालण्यापुरती ओळखीची वाट मिळते, आणि जेथे वळण आहे तेथे तो जागा होतो. पेरिनने हेच केले होते.

नव्या गावच्या मंडळींना मी 'क्थुलू'विषयी दोनदा सुचवून पाहिले. पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्यांदा त्यांच्यातील एकाने विचारले की, पात्र जिंकणारच नसेल तर खेळावयाचे कशासाठी? येत्या शनिवारी सूत्रधाराची पाळी माझी आहे.