पुराव्याची गोष्ट आणि गोष्टीतला पुरावा

रहस्यकथा वाचण्यात वेळ घालवू नका, असे विद्यार्थ्यांना बजावणारे आपल्यातले बरेच शिक्षक कधीकाळी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचत होते. त्यात शरमेचे काही नाही. विज्ञानाच्या तासाला 'निरीक्षण, अनुमान, पडताळा' हे शब्द फळ्यावर लिहिले की मुलांच्या डोळ्यांसमोर शास्त्रज्ञाच्या आधी हातात भिंग घेतलेला गुप्तहेरच उभा राहतो. शेरलॉक होम्सची रीत म्हणजे वैज्ञानिक पद्धतीचा नमुना, असे आपणही वर्गात सांगून जातो. हे विधान कितपत टिकते ते एकदा तपासावे, असे आमच्या मनात होते. नेव्ह मार्च यांच्या 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' या इंग्रजी कादंबरीने त्याला निमित्त मिळाले.

ही कादंबरी २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. लेखिका भारतात वाढलेल्या पारशी, आता अमेरिकेत स्थायिक झालेल्या. कथेचा काळ १८९२. व्हिक्टोरिया राणीची राजवट १८३७ ते १९०१ अशी धरली जाते, तेव्हा लंडनच्या धुक्यात घडणारी कथा जितकी व्हिक्टोरियन, तितकीच पुण्याच्या लष्करी रुग्णालयात सुरू होणारी ही कथाही व्हिक्टोरियनच म्हटली पाहिजे. तिचा नायक कॅप्टन जिम अग्निहोत्री. आई भारतीय, बाप गोरा, त्यामुळे दोन्हीकडे परका. जखमी होऊन तो खाटेवर पडला आहे आणि वेळ घालवण्यासाठी होम्सचे कारनामे वाचतो आहे. अशात वर्तमानपत्रातून त्याला एक प्रकरण कळते. मुंबईच्या फ्रामजी कुटुंबातल्या दोन तरुण स्त्रिया विद्यापीठाच्या घड्याळाच्या मनोऱ्यावरून पडून मरण पावल्या आहेत. त्यांतल्या एकीचा पती आदी फ्रामजी याला हा खून वाटतो. जिम लष्कर सोडतो, मुंबईला येतो आणि आदीसाठी शोध घेऊ लागतो.

(चिकित्सक वाचकासाठी एक गंमत. १८९२ च्या आरंभी पुण्यात होम्स वाचायला मिळणे शक्य होते का? होम्सची पहिली कादंबरी १८८७ ची, दुसरी १८९० ची, आणि 'स्ट्रँड' मासिकातल्या कथा जुलै १८९१ पासूनच्या. विलायतेची टपाल आगबोटीने काही आठवड्यांत येई. तेव्हा लेखिकेचा हिशेब बरोबर आहे.)

मनोऱ्याची घटना कल्पित नाही. २५ एप्रिल १८९१ रोजी राजाबाई टॉवरवरून पडून बच्चूबाई आणि फिरोजबाई या गोदरेज कुटुंबातल्या दोन स्त्रिया दगावल्या. बच्चूबाई या अर्देशीर गोदरेज यांच्या पत्नी. ज्यांच्या नावाचे कुलूप आजही घरोघरी असते, तेच हे अर्देशीर. त्या वेळी ते कारखानदार झालेले नव्हते. माणेकजी नावाच्या एका गृहस्थावर खटला झाला आणि पुराव्याअभावी तो सुटला. नेमके काय घडले ते निश्चित झाले नाही ते नाहीच. कादंबरीचे बीज या घटनेत आहे हे लेखिकेने लपवलेले नाही. माणसांची नावे मात्र बदलली आहेत, हे योग्यच झाले.

तारोडीसारख्या गावातल्या शाळेने मुलांना टॉवर दाखवायला न्यायचे म्हणजे भाईंदर स्थानकापर्यंत बस आणि तिथून चर्चगेटची गाडी. पण ती सहल काढण्याजोगी आहे. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार १८६९ ते १८७८ या काळात हा मनोरा उभा राहिला. प्रेमचंदांच्या आईचे नाव त्याला मिळाले. उंची २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर. ओव्हल मैदानातून तो पाहताना मान किती वर करावी लागते हे एकदा अनुभवले की त्या दिवशीच्या मुंबईला बसलेला धक्का समजतो. कादंबरीतल्या मुंबईचे चित्रही असेच भरीव आहे. पारशी घरातली शिस्त आणि आपुलकी, शिकलेल्या मुलीवरची बंधने, समाजाबाहेर लग्न केल्यास काय गमवावे लागेल याची घरातल्या प्रत्येकाला असलेली जाणीव, हे सारे लेखिकेला आतून ठाऊक आहे. जिम आणि फ्रामजींची मुलगी डायना यांच्यातला अवघडलेला स्नेह आम्हाला रहस्यापेक्षाही अधिक पटला.

आता तपासाकडे वळू. जिम टॉवरवर जातो, साक्षीदारांना भेटतो, खटल्यात काय झाले ते समजून घेतो. इथवर उत्तम. पण सुरुवातीलाच एक पायरी निसटते. पत्नी आणि बहीण असे कदापि करणार नाहीत, हे आदीचे म्हणणे जिम जवळजवळ पुरावा म्हणूनच स्वीकारतो. पतीचे दुःख खरे आहे, त्याची खात्रीही प्रामाणिक आहे. तरी ती खात्री हे एक गृहीतक आहे, निरीक्षण नव्हे. अपघात, आत्महत्या आणि खून या तिन्ही शक्यता सारख्याच कसोशीने तपासल्या असत्या आणि मग दोन गळाल्या असत्या, तर कथा अधिक कठोर झाली असती. इथे पहिल्या दोन शक्यता सहानुभूतीच्या रेट्याने बाजूला होतात.

शक्यता गाळत जाण्याची ही रीत होम्सचीच. ती ऐकायला बिनचूक वाटते, पण तिला एक अट आहे. शक्यतांची यादी पूर्ण असली पाहिजे. बुद्धिबळाच्या पटावर ती पूर्ण करता येते. निसर्गात सहसा येत नाही. चार कारणांपैकी तीन खोटी ठरली म्हणून चौथे खरे, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला आपण विचारले पाहिजे की पाचवे नाही कशावरून? पर्वतावर धूर दिसला की अग्नी आहे असे अनुमान करणारे आपले नैयायिकसुद्धा इतके उतावळे नव्हते. खरा धूर कोणता आणि धुक्याचा किंवा धुळीचा भास कोणता, हा प्रश्न त्यांनीही उपस्थित केला होता.

परिणामावरून कारणाकडे मागे जाणे किती अवघड असते, हे वर्गात एका गोटीने दाखवता येते. ८० सेंटिमीटर उंचीचे टेबल घ्या. गोटी पृष्ठभागावरून घरंगळत काठावरून सोडा आणि जमिनीवर ती कुठे पडते ती जागा खुणेने नोंदवा. जमिनीवर पोचायला तिला सुमारे ०.४ सेकंद लागतो, मग ती हळू निघालेली असो वा वेगाने. म्हणून ती काठापासून २० सेंटिमीटरवर पडली तर तिचा आडवा वेग सेकंदाला अर्धा मीटर होता, ४० सेंटिमीटरवर पडली तर एक मीटर. एका विद्यार्थ्याला पाठमोरे उभे करा, दुसऱ्याला गोटी सोडू द्या, आणि पहिल्याने केवळ खुणेवरून वेग सांगावा. तो बरोबर सांगेल. मग त्याला विचारा की गोटी बोटाने ढकलली, उतरंडीवरून सोडली की फुंकर मारून पाठवली? इथे तो अडेल, आणि अडलाच पाहिजे. खूण वेगाचे मोजमाप देते. वेग कोणी दिला हे ती सांगत नाही. न्यायसहायक विज्ञानाचे तज्ज्ञ उंचावरून पडण्याच्या घटनांत हेच गणित वापरतात आणि त्यांची मर्यादाही हीच असते.

१८९१ मध्ये तर हातातली साधने आणखी तोकडी होती. मुंबई सरकारकडे रासायनिक विश्लेषक होता. त्या पदावरच्या डॉ. लायन यांनी भारतासाठी न्यायवैद्यकावर ग्रंथही लिहिला. आर्सेनिक ओळखणारी मार्शची कसोटी १८३६ पासून माहीत होती. पण वाळलेला डाग माणसाच्याच रक्ताचा आहे का, हे खात्रीने सांगता येण्यासाठी १९०१ सालच्या उलेनहूथच्या रक्तद्रव-चाचणीची वाट पाहावी लागणार होती. होम्स मात्र १८८७ मध्येच रक्त ओळखणारे रसायन सापडल्याच्या आनंदात नाचतो! गॅल्टनचे बोटांच्या ठशांवरचे पुस्तक १८९२ चे. ठशांचे कार्यालय कलकत्त्याला निघाले ते १८९७ मध्ये, आणि त्या वर्गीकरणाचे गणित बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय फौजदारांचा मोठा वाटा होता. तेव्हा जिमच्या हाती डोळे, कान आणि पाय एवढीच साधने. त्याच्या शोधात प्रयोगशाळा नाही हा आम्ही दोष धरत नाही. तो काळाशी प्रामाणिकपणा आहे.

दोष आहे तो मधल्या भागात. गोष्ट मुंबई सोडून उत्तरेकडे जाते. संस्थानिक, वेषांतरे, लढाई, वाटेत भेटलेली अनाथ मुले. हे प्रसंग चटकदार आहेत, मुलांचा भाग तर हृद्य आहे. पण त्या गर्दीत मनोऱ्यावरचा पुरावा मागे पडतो. अभिजात धाटणीच्या रहस्यकथेचा वाचकाशी एक करार असतो. नायकाला जे दिसते ते वाचकालाही दिसले पाहिजे आणि उत्तर त्यातूनच निघाले पाहिजे. (हा करार व्हिक्टोरियन नाही. त्याचे नियम रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये मांडले, आणि होम्स स्वतः तो अनेकदा मोडतो.) इथे उत्तर पुराव्यातून निघण्याऐवजी साहसातून हाती लागते. उत्तर काय ते अर्थातच आम्ही सांगणार नाही.

याच्या शेजारी विल्की कॉलिन्स यांची 'द मूनस्टोन' ठेवून पाहावी. ही १८६८ ची, भारतातून गेलेल्या एका हिऱ्याची कथा. तिच्यात डॉक्टरचा एक आजारी मदतनीस चोरीची ती रात्र जशीच्या तशी पुन्हा घडवून आणतो. तेच घर, तीच माणसे, शक्य तितकी तीच परिस्थिती, आणि पाहायला साक्षीदार. काय घडेल याचे भाकीत आधी केलेले असते, आणि प्रयोग सगळाच्या सगळा मनासारखा होत नाही, हेही कॉलिन्स लपवत नाहीत. होम्सच्या साऱ्या चमकदार अनुमानांपेक्षा ही एक रात्र आम्हाला विज्ञानाच्या अधिक जवळची वाटते. मार्च यांच्याकडे इतिहासाचा अभ्यास आणि माणसांची समज भरपूर आहे. अशी एखादी रात्र त्यांनी जिमला दिली असती तर!

आमची मुख्य तक्रार मात्र याहून खोलवरची आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात, जो त्या खटल्याच्या वेळी लागू होता, वस्तुस्थितीचे तीन प्रकार सांगितले होते. शाबीत झालेली, खोटी असल्याचे शाबीत झालेली, आणि या दोन्हींत न बसणारी, म्हणजे शाबीत न झालेली. २०२४ पासून त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली, पण हे तीन प्रकार कायम आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रश्नांना बहुधा दोनच खाने असतात, चूक की बरोबर. प्रयोगशाळेत आमच्या वहीचा सर्वांत जाड भाग तिसऱ्या खान्याचा असतो. बच्चूबाई आणि फिरोजबाई यांचा मृत्यू त्याच खान्यात आहे. आरोपी सुटला याचा अर्थ त्याने केले नाही असे सिद्ध झाले असा होत नाही, आणि त्यानेच केले असाही होत नाही. दोन हाडामांसाच्या स्त्रिया आणि एक सुटलेला माणूस या अनिश्चिततेत कायमचे राहिले. कादंबरीला तिसरा खाना परवडत नाही. तिला गुन्हेगार लागतो, तो पकडला जावा लागतो, कुटुंबाला शांती मिळावी लागते. वाचकाला समाधान मिळते खरे, पण टॉवरचे कोडे सुटले अशी पुसट समजूतही त्याच्या मनात राहून जाते. नावे बदलल्याने ती पूर्ण पुसली जात नाही.

खऱ्या अर्देशीरांच्या वाट्याला अशी शांती आली नाही. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. वकील होऊन ते १८९४ मध्ये झांजिबारला गेले. तिथे अशिलासाठी सत्य वाकवणे जमेना म्हणून त्यांनी वकिलीच सोडली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले असते. १८९७ मध्ये त्यांनी मुंबईत कुलपे बनवायला सुरुवात केली. या आयुष्याची कादंबरी फ्रामजींच्या कादंबरीपेक्षा संथ झाली असती, पण आम्ही ती अधिक उत्सुकतेने वाचली असती.

एवढे बोलूनही हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असावे असे आमचे मत आहे. पाने चारशेच्या आसपास, इंग्रजी सोपे, प्रकरणे लहान. अकरावी-बारावीच्या मुलांना जमेल. मृत्यूचा विषय असल्याने वर्गात घेताना बेताने घ्यावे. एक सूचना. जिम उत्तरेकडे निघण्यापूर्वी वाचन थांबवावे आणि प्रत्येकाला वहीत तीन स्तंभ आखायला सांगावे: शाबीत, खोटे ठरलेले, शाबीत न झालेले. तोवर कळलेली प्रत्येक गोष्ट, आदीचे म्हणणेसुद्धा, कोणत्या तरी एका स्तंभात लिहायची आणि ती तिथे का लिहिली हे शेजाऱ्याला पटवून द्यायचे. भांडणे होतील. ती होऊ द्यावीत, आणि मगच पुढचे पान उलटावे.