‘घरचं वातावरण’ : कुणाच्या घरचं?

एक वाक्य शाळेपासून आपल्या पाठीमागं लागलंय. ‘पोरगं तसं हुशार आहे हो, पण घरचं वातावरण नाही.’ गुरुजी म्हणतात, तालुक्याचा साहेब म्हणतो, आणि आपल्या आत्मकथनांवर लिहिणारे समीक्षकही तेच म्हणतात. त्यांची भाषा तेवढी इस्त्रीची. ‘अशा प्रतिकूल संस्कारांतून वर येऊन’ असं काहीतरी. चिखल आणि कमळ तर ठरलेलं. अख्खी वस्ती चिखल आणि पुस्तक लिहिणारा एकटा कमळ. या वाक्याची एकदा झडती घ्यावी म्हणून हे लिहितोय.

आधी कबूल करून टाकतो, म्हणजे कुणी मध्येच ओरडायला नको. घराचा परिणाम होतो. एका खोलीत सात माणसं, शेजारी दारूवरून भांडण, आई पहाटे कामाला गेलेली, धाकटं भावंडं काखेत. अशा घरातल्या पोरीचं गणित आणि स्वतंत्र टेबल असलेल्या पोराचं गणित सारखं होणार नाही. ज्या घरात अर्ज वाचणारं कुणी नाही त्या घरातल्या पोराची स्कॉलरशिप तारीख चुकल्यानं बुडते, अक्कल कमी म्हणून नव्हे. हे नाकारण्यात काही क्रांती नाही. माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. ‘परिस्थिती’ म्हणता म्हणता हे लोक ‘संस्कार’ कधी म्हणायला लागतात ते आपल्याला कळतसुद्धा नाही. परिस्थिती बदलता येते. संस्कार म्हटलं की प्रकरण रक्ताजवळ जातं.

माझंच सांगतो. पाचवीत पाठांतराची परीक्षा होती. घरी येत असेल ते म्हणा, म्हणाले गुरुजी. पोरांनी मनाचे श्लोक म्हटले, रामरक्षा म्हटली. माझ्या घरी रामरक्षा नव्हती. आजीच्या दळणाच्या ओव्या होत्या, त्या बायकांच्या म्हणून म्हणायची लाज. चुलता जलशात झील धरायचा, त्याचं एक अख्खं गाणं मला पाठ होतं. बाबासाहेबांचं. ते म्हटलं. वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, ‘हे पाठांतर नव्हे,’ आणि वहीत भोपळा. नंतर वाचन. ‘पाणी’ला मी ‘पानी’ म्हटलं, पुन्हा हशा. त्या दिवशी मी ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या गुरुजींना सांगत होते, माझ्यासमोरच.

आता बघा. रामरक्षा शाळेनं शिकवली नव्हती. ती पोरं घरून घेऊन आली. शाळेनं न शिकवलेल्या गोष्टीची शाळेनं परीक्षा घेतली आणि मार्क दिले. माझ्याही घरातून मी काहीतरी आणलं होतं, पण ते नाणं त्या दुकानात चालत नव्हतं. फ्रान्समध्ये बूर्द्यू आणि पासरों या दोघांनी १९६४ साली हेच लिहिलं: काही विद्यार्थी वारसदार असतात, आणि शाळा त्यांच्या वारशाला गुणवत्ता म्हणून शिक्का मारून देते. त्याला नाव पडलं सांस्कृतिक भांडवल. पण फ्रान्सला जायची गरज नाही. जोतीराव १८८२ सालीच हंटर कमिशनपुढं बोलून गेले की सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर वरच्या जातींची पोरं उच्च शिक्षण घेतात. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा म्हणाले. शिक्षक शेतकरी जातींतले, नांगर धरता येणारे नेमा, असंही म्हणाले. म्हणजे घर शाळेला शोभत नसेल तर शाळेनं घराकडं सरकावं. ही मागणी आजही कुणी नीट वाचत नाही.

मराठीत ‘संस्कारी घरा’चा नमुना ठरून गेलाय तो साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’नं, १९३५ साली. पुस्तकाबद्दल माझा आकस नाही. त्यातली आई मुलाला महाराच्या म्हातारीची मोळी उचलून द्यायला धाडते आणि लिहिणाऱ्या माणसानं पुढं १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरासाठी उपास केला. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. श्यामचं घरही गरीबच झालेलं आहे, कर्जात बुडालेलं. तरी कुणी म्हणत नाही की त्याला घरचं वातावरण नव्हतं. का? कारण त्या घरातले श्लोक, स्तोत्रं, शुद्ध बोलणं शाळेच्या नाण्यात चालत होतं. गरिबी दोन्हीकडं. एकीकडची गरिबी संस्काराची आणि दुसरीकडची संस्कार नसण्याची.

याच्यासमोर ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) ठेवा. रत्नागिरीची शाळा. शाळेतलं शेण काढायला या पोरीला सांगतात, ती नाही म्हणते, तिला चपराक बसते. तिची आई आयदानं विणून घर चालवणारी विधवा बाई. आपण लिहिताना ‘अडाणी आई’ असं सहज लिहून जातो तशी. गुरुजी वाटेनं जाताना ही बाई त्यांना गाठते आणि जाब विचारते. मी इथं बसून राबते ती या पोरीनं शिकावं म्हणून, आणि तुम्ही तिला मारता? असा त्या बोलण्याचा रोख. नवरा लवकर गेला. मुलांनी शिकावं ही त्याची इच्छा तिनं कामट्यांसारखी धरून ठेवलेली. आता मला सांगा, हे घरचं वातावरण नाही तर काय आहे? त्या वाटेवर त्या दिवशी जे झालं ते कुठल्या शिकवणीत मिळतं? पण या पुस्तकावर लिहिणारे बोलतात ते दारिद्र्याबद्दल. दारिद्र्य बघायला त्यांचे डोळे सरावलेत. आईनं मास्तराला वाटेत उभं केलं, हे शिक्षण आहे असं त्यांना दिसत नाही.

लक्ष्मण मान्यांच्या ‘उपरा’त (१९८०) बाप कैकाडी, गाढवांवर बिऱ्हाड, आज या गावात उद्या त्या गावात. तो बाप पोराला शाळेत घालतो. जातपंचायतीला ते रुचत नाही, तरी घालतो. नरेंद्र जाधवांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’त (१९९३) तर पुस्तकाचा पायाच बापानं म्हातारपणी स्वतः लिहून काढलेल्या आठवणींचा. गोदीतल्या कामगाराच्या हातच्या. इथं घर मागं ओढत नाही, ढकलतंय.

सगळीकडं असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर मीही उलट बाजूनं तसलंच चित्र रंगवीन. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (१९८७) वाचा. वस्तीतली पोरं आजारी पडली की खापर शाळेत जाणाऱ्या लक्ष्मणच्या डोक्यावर फुटतं. शाळेनं देव कोपला! इथं घर, वस्ती, पंचायत सगळं अंगावर येतं. समीक्षक खूष होतात: बघा, आम्ही म्हणत नव्हतो? पण हा समाज शाळेला का भितो? १८७१ च्या कायद्यानं ज्यांच्या जातीवर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला, १९५२ साली तो कायदा गेला तरी ज्यांच्या पालावर पोलीस यायचे थांबले नाहीत, त्यांच्यासाठी लिहिणारा माणूस म्हणजे कोण? पंचनामा करणारा. कागदाची भीती ही अंधश्रद्धा नव्हे सगळी. थोडा अनुभवही आहे.

आता बाबासाहेबांचं उदाहरण. ते तर आपल्या तोंडी असतंच, पण आपण ते चुकीचं सांगतो. परळच्या डबक चाळीतली एक खोली, पहाटे दोनला पोराला उठवणारे रामजी सुभेदार, पुस्तकासाठी लेकींचे दागिने गहाण टाकणारा बाप. हे सांगून आपण म्हणतो, ‘बघा, परिस्थितीशी झगडून.’ खरं आहे. पण रामजींकडं अक्षर आलं कुठून? लष्करातून. पलटणीतल्या शिपायांच्या मुलामुलींना शाळा सक्तीची होती. रामजी स्वतः लष्करी शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापक. म्हणजे ज्या घरानं बाबासाहेब घडवले ते घर आधी एका संस्थेनं घडवलं होतं. मग १८९२–९३च्या सुमारास महारांची लष्करभरतीच बंद झाली. ते दार बंद झाल्यावर किती घरांत रामजी तयार व्हायचे राहिले, हा हिशेब कुणी मांडला नाही. प्र. ई. सोनकांबळ्यांच्या ‘आठवणींचे पक्षी’त (१९७९) तर आईबाप लहानपणीच गेलेले, बहिणीच्या घरी वाढलेलं पोरकं पोर. घरच नाही, मग वातावरण कसलं! तो मुलगा पोचला औरंगाबादला, मिलिंदमध्ये, बाबासाहेबांनी १९५० साली काढलेल्या कॉलेजात. त्याच्यासारख्या किती जणांना मिलिंद हेच घर झालं.

घर घडतं. घडवावं लागतं. एक आकडा देतो. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६४.८ टक्के, बौद्धांची ७२.७ टक्के. २०११ ला देशाची ७३, बौद्धांची ८१.३. लगेच पाठ थोपटून घेऊ नका. देशातले बौद्ध चारात तीन महाराष्ट्रातले आणि महाराष्ट्राची साक्षरताच देशापेक्षा जास्त. राज्याच्या सरासरीशी लावलं तर आपण तिच्या जवळपास पोचलोय, एवढंच. पण ‘एवढंच’ म्हणताना थांबा. १८५५ साली मुक्ता साळवे नावाची मातंगाची मुलगी ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिते तेव्हा ती आश्चर्य होती. ज्यांच्या पोरांना शाळेच्या ओट्याबाहेर बसवलं, ते लोक शंभर-दीडशे वर्षांत सरासरीला भिडतात. ही जमात तीच, रक्त तेच. मग बदललं काय? १९५६, वसतिगृहं, सवलती, गिरणीचा आणि रेल्वेचा पगार, जलसे, विहार, भिंतीवरचा पुस्तक हातात घेतलेला फोटो. ज्याला ते संस्कृती म्हणतात ती आपण दोन-तीन पिढ्यांत करून दाखवली. म्हणून संस्कृतीचा शिक्षणावर परिणाम होतो का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, होतो, आणि चळवळीचा संस्कृतीवर होतो.

दुसरा एक प्रयोग सांगतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञ बायांनी उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात तो केला. सहावी-सातवीची मुलं, वरच्या जातीची आणि खालच्या म्हटलेल्या जातीची. सोडवायला दिली कागदावरची चक्रव्यूहाची कोडी. जात न सांगता बसवलं तेव्हा दोन्हीकडची मुलं बरोबरीत. मग सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. खालच्या म्हटलेल्या पोरांची सुटलेली कोडी धाडकन कमी झाली. पोरं तीच, घर तेच. वाचून दाखवणारा आवाज तेवढा मध्ये आला. मला पाचवीतला हशा आठवला.

हा सगळा वाद अमेरिकेत होऊन गेलाय, जिथून आपण १९७२ साली पँथर हे नाव उचललं तिथंच. १९६५ ला मॉयनिहन नावाच्या सरकारी माणसानं काळ्यांच्या दुर्दशेचं मूळ त्यांच्या मोडक्या कुटुंबात शोधलं. १९६६ च्या कोलमन अहवालात निघालं की शाळेच्या सोयींपेक्षा घरची पार्श्वभूमी मार्कांवर जास्त परिणाम करते. आकडा चुकीचा नसेलही. पण त्याचा उपयोग कसा होतो? मग शाळांवर पैसे खर्चून फायदा काय, असं म्हणायला वरचे मोकळे. १९७१ साली विल्यम रायननं या सगळ्यावर पुस्तक लिहून सांगितलं की ज्याला मार बसलाय त्यालाच तुम्ही गुन्हेगार ठरवताय.

आता शेवटी आपल्याकडं येतो, कारण खरी अडचण तिथं आहे. ‘बलुतं’त (१९७८) दगडू आणि दया असे दोन झालेत. शिकलेल्या, पांढऱ्या कपड्यातल्या दयाला दगडूची लाज वाटते आणि त्या लाजेचीही लाज वाटते. पुस्तकाची ताकद ती आहे. पवारांनी ती फट लपवली नाही. आपण मात्र लपवतो. आपण शिकलो, नोकरीला लागलो, कॉलनीत गेलो आणि वस्तीत अभ्यासिका काढायला परत आलो. आणि तिथं बसून आपणच म्हणायला लागलो, ‘या लोकांना संस्कारच नाहीत, आईबाप लक्षच देत नाहीत.’ बौद्ध पोरगा मांगवाड्याबद्दल म्हणतो, मांगवाड्यातला पारध्याच्या पालाबद्दल म्हणतो. उतरंडीत प्रत्येकाला खाली एक मडकं सापडतंच.

आमच्याही अभ्यासिकेत मागं एक रजिस्टर केलं होतं. नाव, इयत्ता, आणि एक रकाना: ‘घरचे वातावरण’. भरणारी आमचीच पोरं, एम.ए. झालेली. ‘चांगले’, ‘साधारण’, ‘वाईट’ असं लिहायची. एका पोरीपुढं ‘वाईट’ होतं. आठवीतली, आठवड्यातून दोन दिवस गैरहजर. मी घरी गेलो. आई म्हणाली, ‘भाऊ, मंगळवारी आन् शुक्रवारी नळाला पानी सांजच्याला येतं. मी कामावर असते. ती न्हाई थांबली तर पानी कोन भरनार?’

आम्ही अभ्यासिकेची वेळ त्या दोन दिवशी रात्री साडेआठची केली. पोरगी यायला लागली. तिच्याबरोबर त्याच गल्लीतल्या आणखी चार आल्या, त्या तोवर रजिस्टरमध्येच नव्हत्या. रकाना अजून छापलेला आहे. नवं रजिस्टर येईपर्यंत त्यात आम्ही पाण्याची वेळ लिहितो.